दस्तक आणि हत्यार

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या वाटसरूस जो पहिला अवघड चढ लागतो, त्या कात्रजच्या घाटाचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले ते तेथील वनश्रीमुळे नव्हे, किंवा पुढे नानासाहेब पेशव्यांनी त्याच्या पायथ्याच्या तलावाचे पाणी शहरात खेळविले म्हणूनही नव्हे. लालमहालावरील छाप्याच्या रात्री या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते उधळून दिले, मोगलांची फौज त्या उजेडाच्या मागे धावली आणि शिवाजीमहाराज सिंहगडास सुखरूप पोहोचले, या परंपरागत कथेमुळे. इसवी सनापूर्वी 217 मध्ये हॅनिबालने रोमन सेनापती फेबियसला नेमक्या याच उपायाने चकविल्याचे प्राचीन इतिहासकार लिहितात. तेव्हा युक्ती जुनीच. परंतु त्या रात्रीचे खरे नवल घाटातल्या पलित्यांत नसून, ज्या शहरात हत्यारबंद मराठ्यास पाऊल ठेवण्याची मनाई होती, त्या शहरात हत्यारे पोहोचली कशी, यात आहे.

बादशहाचा मामा आणि दख्खनचा सुभेदार शायस्ताखान 1660 च्या मे महिन्यात पुण्यास आला. त्याच पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्याने सुमारे दोन महिने झुंजविलेला चाकणचा किल्ला त्याने घेतला, आणि पुढे ज्या वाड्यात महाराजांचे बालपण गेले त्याच लालमहालात आपला जनाना व दरबार थाटून तो निश्चिंत बसला. निश्चिंत म्हटले तरी बेसावध नव्हे. मोगल इतिहासकार खाफीखान सांगतो की, बादशाही चाकरीतील लोक वगळता कोणाही माणसास, विशेषतः मराठ्यास, तो सशस्त्र असो वा निःशस्त्र, दस्तकावाचून, म्हणजे लेखी परवान्यावाचून, शहरात किंवा छावणीत येऊ देऊ नये असा सक्त हुकूम होता, आणि मराठा स्वारास तर चाकरीतच घेत नसत. 1659 च्या नोव्हेंबरात प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीच्या वेळी सोबत माणसे किती असावीत आणि खानाचा अंगरक्षक सय्यद बंडा याने किती अंतरावर उभे राहावे याची घासाघीस होऊनही शेवट कसा झाला, हे ज्याने ऐकले असेल त्या सरदाराने हत्यारांविषयी इतकी कडक बंदी घालावी, यात वावगे काहीच नाही. किंबहुना हुकूम म्हणून तो निर्दोष होता असेच मी म्हणेन.

दोष होता तो अपवादात. जी फौज मराठी मुलखात, मराठी पायदळाच्या व देशमुखांच्या मदतीने लढत होती, तिला ‘आपला मराठा’ आणि ‘परका मराठा’ हा भेद चौकीवर करावाच लागे, आणि तो करण्यास पहारेकऱ्यापाशी एक दस्तक व एक सोंग यांपलीकडे दुसरे साधन नव्हते. खाफीखानाच्याच हकीकतीप्रमाणे एका टोळीने लग्नाच्या वऱ्हाडासाठी दोनशे माणसांचे दस्तक मिळविले, आणि एका पोरास नवरदेव करून, वाजंत्री लावून, ती मंडळी तिन्हीसांजेला राजरोस आत शिरली. दुसरी टोळी त्याच दिवशी आली ती कैदी घेऊन: ठाण्यावर पकडलेले शत्रूचे लोक आहेत अशी बतावणी, दोर बांधलेली बोडकी माणसे, आणि त्यांना शिव्या मोजीत पुढे ओढणारे त्यांचेच सोबती! पहिल्यांनी पाहुण्यांचा नियम पाळला, दुसऱ्यांनी बादशाही शिपायाचा. उघडपणे मोडला कोणीच नाही. ठरल्या जागी दोन्ही टोळ्या एकत्र झाल्या आणि तेथे त्यांनी हत्यारे चढविली.

रमजानचा महिना होता. 5 एप्रिल 1663 च्या रात्री मुदपाकखान्यालगतची मातीविटांनी बुजविलेली खिडकी फोडून मंडळी जनान्यात शिरली. पुढचे सर्वश्रुत आहे. खानाची बोटे तुटली (बखरकार तीन म्हणतात, खाफीखान अंगठा), त्याचा पुत्र अबुल फत्ते मारला गेला, आणि औरंगजेबाने रुष्ट होऊन मामास बंगालच्या सुभ्यावर धाडले.

ज्या राजाने परक्याच्या दस्तकाचा असा उपयोग केला, त्याच्या स्वतःच्या लष्करात माणसाच्या तोंडावर किंवा पोशाखावर विश्वासण्याची रीत नव्हती. सभासदाने 1694 च्या सुमारास जिंजीस राजाराममहाराजांच्या आज्ञेने जी बखर लिहिली, तीत हा बंदोबस्त आढळतो. दसऱ्यास लष्कर छावणीतून बाहेर पडताना लहानथोर प्रत्येकाच्या चीजवस्तूंचा झाडा लिहून घेत. आठ महिने परमुलखात काढून परतल्यावर सरहद्दीवर पुन्हा झडती होई. यादीहून अधिक निघेल ते वेतनात वळते करीत, आणि कोणी लपविल्यास त्याला शिक्षा होई. बायका, कलावंतिणी, बटक्या बरोबर नेण्यास मुभा नव्हती. हत्याराची मालकीही पागेच्या रचनेतच ठरलेली असे: शिलेदाराचे घोडे व हत्यार त्याचे स्वतःचे, बारगिराचे मात्र सरकारचे, आणि म्हणून बारगिराच्या कमरेची तलवारदेखील त्याला दिमाखासाठी मिरविण्याची वस्तू नसून हिशेबात धरलेली सरकारी चीज होती.