बाम्बर्गची गडद बिअर : रंग उष्णतेचा, चव धुराची

जर्मनीतील बव्हेरिया राज्याच्या उत्तर भागात वसलेल्या बाम्बर्ग शहराच्या जुन्या वस्तीला १९९३ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. याच शहरात 'राउखबिअर' ही धुराच्या चवीची गडद बिअर आजही जुन्या पद्धतीने तयार होते. जर्मन भाषेत 'राउख' म्हणजे धूर.

बिअरच्या रंगाचे मूळ धान्यात असते. बार्ली भिजवून तिला मोड आणतात व नंतर ती भट्टीत सुकवतात. या धान्याला मॉल्ट म्हणतात. उष्णतेमुळे त्यातील शर्करा व अमिनो आम्ले यांची परस्परांवर क्रिया होऊन तपकिरी रंग आणि खरपूस चव निर्माण होते. रंग गडद म्हणजे मद्यार्क जास्त, हा समज मात्र चुकीचा आहे. आयर्लंडच्या काळ्याभोर 'गिनेस ड्राफ्ट'मध्ये मद्यार्काचे प्रमाण सुमारे ४.२ टक्के असते. अनेक फिक्या बिअरमध्ये ते याहून अधिक असते.

पूर्वी युरोपात बहुतेक ठिकाणी मॉल्ट लाकडाच्या उघड्या जाळावर सुकवले जाई. साहजिकच धूर धान्यात मुरत असे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये त्यासाठी कोक वापरला जाऊ लागला. पुढे केवळ गरम हवेवर चालणाऱ्या भट्ट्या आल्या. १८१७ साली डॅनिएल व्हीलर यांनी मॉल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे पेटंट घेतले आणि धुराविना काळे मॉल्ट मिळू लागले. पोर्टर व स्टाउट या बिअरमधील कॉफीसारखा कडवटपणा अशाच भाजलेल्या धान्यातून येतो. धूर मात्र बिअरमधून जवळजवळ हद्दपार झाला.

बाम्बर्गमधील 'श्लेंकर्ला' आणि १५३६ पासूनची 'स्पेट्सियाल' या दोन मद्यशाळांनी ती परंपरा सोडली नाही. त्या आजही बीच वृक्षाच्या लाकडाच्या जाळावर आपले मॉल्ट स्वतः सुकवतात. 'श्लेंकर्ला'ची मेर्त्सन बिअर गडद तपकिरी असून तिच्यात सुमारे ५.१ टक्के मद्यार्क असतो. शहरातील त्यांच्या जुन्या पानगृहात ती लाकडी पिंपातून थेट पेल्यात ओतली जाते. पहिल्याच घोटात धुरावर सुकवलेल्या मांसाची आठवण होते. नंतर मॉल्टचा गोडवा व हॉप्सचा कडवटपणा जाणवू लागतो.

धुरावलेले मॉल्ट आता कारखान्यातून पोत्यांनी विकत मिळते आणि अनेक देशांत त्यापासून बिअर बनते. परंतु मद्यशाळेने स्वतःच्या भट्टीत जाळ घालून धान्य सुकवण्याची रीत या दोन घराण्यांमुळेच अखंड राहिली. एके काळी बिअरची सर्वसाधारण चव कशी असे, याचा जिवंत पुरावा म्हणून राउखबिअरचे मोल मोठे आहे.