एक्लिप्सचा सांगाडा आणि शर्यतीनंतरचा घोडा

१७८९ सालच्या फेब्रुवारी महिन्यात लंडनजवळ एक चोवीस वर्षांचा घोडा पोटशुळाने मेला. त्याचे नाव एक्लिप्स. १ एप्रिल १७६४ रोजी, सूर्यग्रहणाच्या दिवशी तो जन्मला म्हणून हे नाव. तो अठरा शर्यती धावला आणि एकही हरला नाही. त्यांतल्या काही शर्यतींत तर त्याच्यासमोर घोडा उभा करायलाच कोणी तयार झाले नाही. आजच्या बहुतेक थरोब्रेड घोड्यांची पितृवंशावळ मागे मागे नेली, की ती याच घोड्यापाशी पोचते. त्याचा देह उघडून मोजमापे घेण्याचे काम शार्ल व्हियाल द सँबेल या फ्रेंच पशुवैद्याकडे आले. पुढे १७९१ साली लंडनचे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, तेव्हा त्याचा पहिला प्राध्यापक हाच. घोड्याची ठेवण पारखण्याच्या शास्त्राचा इतिहास मला इथून सुरू करावासा वाटतो, कारण या शास्त्राचे बळ आणि त्याची गोची, दोन्ही या एका सांगाड्यात आहेत.

सँबेल लियोंच्या परंपरेत वाढलेला. तिथे क्लोद बूर्जला याने जगातली पहिली पशुवैद्यक शाळा काढली होती आणि उत्तम घोड्याचे एक कोष्टकच तयार केले होते. माप मोजायचे ते घोड्याच्या डोक्याने. घोडा तीन डोकी उंच असावा, मान एक डोके लांब असावी, अंगाची उंची आणि लांबी सारखी असावी. सँबेलने एक्लिप्स मोजला. उंची भरली साडेतीन डोक्यांहून जास्त, मान दीड डोके आणि उंची लांबीपेक्षा सुमारे एक दशांशाने अधिक. म्हणजे कोष्टक खरे मानायचे, तर इंग्लंडातला सर्वांत वेगवान घोडा बेढब ठरत होता! सँबेलने कोष्टक बाजूला सारले आणि घोड्याची मापे छापली. हे त्याचे धाडस मला मोठे वाटते. पण एक गोष्ट विसरून चालत नाही. घोडा जिंकून, म्हातारा होऊन, मरून गेल्यावर त्याने टेप लावली होती. उत्तर ठाऊक असताना गणित मांडणे सोपे असते.

आपल्याकडेही अश्वलक्षणांची परंपरा जुनी आहे. शालिहोत्राचे नाव तर घोड्यांच्या वैद्यकालाच पडले. नकुलाच्या नावावर एक अश्वशास्त्र सांगितले जाते, जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ आहे. पण लोकव्यवहारात त्यातले उरले ते मुख्यतः भोवरे आणि रंग. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असलेला पंचकल्याण, छातीवरचा शुभ भोवरा, अमक्या जागचा अशुभ. या लक्षणांना मी हसत नाही. पण घोडा विकताना ती जेवढी कामाला आली, तेवढी चौखूर धावताना आली नसावीत.

सँबेलपुढच्या प्रश्नाच्या नेमका उलट प्रश्न आज शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्यासमोर उभा राहून विचारला जातो. हा घोडा चार-सहा वर्षांचा असतो. नीट सांभाळला तर आणखी वीस वर्षे जगेल. मालकाच्या हिशेबात मात्र तो आता फक्त खर्चाच्या बाजूला असतो. त्याला दुसरे काम मिळेल का, हे पुष्कळदा एका माणसाच्या दहा मिनिटांच्या पाहणीवर ठरते. त्याला कुठलेच काम नाही असे ठरले, तर पुढे त्याचे काय होते ते सर्वांना माहीत असते. त्याविषयी फारसे कुणी बोलत नाही.

त्या दुसऱ्या कामांतले सर्वांत कठीण म्हणजे इव्हेंटिंग. मुळात ही लष्करी अधिकाऱ्याच्या घोड्याची परीक्षा. १९१२ साली स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ती प्रथम आली आणि स्वीडनच्या अ‍ॅक्सेल नॉर्डलँडरने ‘लेडी आर्टिस्ट’वर जिंकली. संचलनात घोडा शिस्तीचा आहे का, रानावनात दमदार आहे का, आणि दुसऱ्या दिवशीही कामाचा उरतो का, असे तीन प्रश्न तीन टप्प्यांत विचारायचे: ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि शो जंपिंग. आपल्याकडे १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत रघुबीर सिंग यांनी ‘शहजादा’वर याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले. तेही घोडदळातलेच.

जाणता पारखी आधी पाय पाहतो. डोके, डोळे, मानेची कमान या गोष्टींवर नवखा भाळतो. पुढचा पाय बाजूने पाहताना गुडघा मागे झुकलेला दिसला, तर बहुतेक जण तिथेच थांबतात. कारण उडीनंतर जमिनीवर येताना सगळा भार नळीमागच्या टेंडनवर आणि गुडघ्याच्या पुढच्या कडेवर पडतो. गुडघा किंचित पुढे झुकलेला असेल, तर तो दिसायला वाईट, पण पुष्कळदा निभावतो. समोरून पाहिले, की नळी गुडघ्याच्या मधोमध उतरते की बाहेर सरकलेली आहे, हे कळते. गुडघ्याखाली नळीचा घेर टेपने मोजतात. घोडा जड आणि नळी बारीक, हा जोड कुणालाच नको असतो. मग हात फिरवायचा. टेंडनवर जुनी सूज आहे का, एक पाय दुसऱ्यापेक्षा ऊन लागतो का? पुण्यात एका तबेल्यात मी एका वृद्ध मोतद्दाराला हे करताना पाहिले आहे. तो हात फिरवताना पायाकडे पाहतच नव्हता. नजर दूर आणि सगळे लक्ष बोटांत.

खुरांबाबत मात्र सावध राहावे लागते. शर्यतीच्या घोड्याचे खूर पुष्कळदा पुढे लांब आणि टाचेला बसके झालेले असतात. त्यामुळे खुरावरचा तिरका भाग आहे त्याहून सैल दिसतो. चांगला नालबंद मिळाला आणि सहा-आठ महिने गेले, की तोच पाय वेगळा दिसू लागतो. स्नायूंचेही तसेच. खपाटीला गेलेले पोट, मानेखालचा फुगवटा, मोकळी दिसणारी पाठ हे सारे शर्यतीच्या सरावाने आणि खुराकाने घडवलेले असते. ते बदलते. हाडांचे कोन बदलत नाहीत. पारख्याला एकातून दुसरे वेगळे काढता यायला हवे, आणि निम्मी विद्या हीच आहे असे माझे मत आहे.

मग येतो पुठ्ठा. एक्लिप्सचा पुठ्ठा खांद्यापेक्षा उंच होता, असे त्याचे वर्णन करतात. धावण्यासाठी त्यात काही वावगे नाही. मागून रेटा देणारा घोडा असाच असायचा. पण ड्रेसाजच्या चौकोनात घोड्याने भार मागच्या पायांवर घेऊन पुढून हलके व्हायचे असते. उतरत्या बांध्याच्या घोड्याला हे डोंगर चढण्यासारखे पडते. म्हणून आजचा खरेदीदार खांद्याचा उंचवटा, मान छातीतून किती वर निघते आणि कमरेचा जोड किती आखूड, हे निरखून पाहतो. तीन वर्षांच्या घोड्याचा पुठ्ठा उंच असेल तर थोडे थांबावे. त्याची वाढ अजून चालू असते.

परंतु हा निकष पूर्वी इतका कडक नव्हता, आणि तो कडक का झाला याचे उत्तर घोड्यात सापडत नाही. ते नियमपुस्तकात आहे. जुन्या पद्धतीत दुसरा दिवस दमछाक करणारा असे. आधी दुडक्या चालीने रस्ते तुडवायचे, मग उंच कुंपणांवरून मिनिटाला ६९० मीटरच्या वेगाने धाव, पुन्हा रस्ते आणि त्यानंतर खरी क्रॉस-कंट्री. सगळे मिळून वीस किलोमीटरच्या आसपास. तिथे थरोब्रेडचा दम, पातळ कातडी आणि मोठे हृदय यांपुढे इतर रक्ताचे घोडे मागे पडत. ड्रेसाजमध्ये गेलेले गुण तो रानात वसूल करी. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकपासून रस्ते आणि ती धाव गळाली, आणि दोन-तीन वर्षांत मोठ्या स्पर्धांनीही तीच वाट धरली. आता ड्रेसाजमधले नुकसान भरून काढायला रान तेवढे लांब राहिले नाही. युरोपातल्या वॉर्मब्लड घोड्यांचे पारडे जड झाले. थरोब्रेडची ठेवण दोनशे वर्षांत बदलली नसेल इतकी किंमत तिची या दोन-तीन वर्षांत बदलली.

शिवाय पाहणीला न दिसणारे असतेच. ‘टच ऑफ क्लास’ ही घोडी ‘स्टिलास्पिल’ या नावाने सहा शर्यती धावली, एकही जिंकली नाही. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जो फार्जिसने तिच्यावर शो जंपिंगचे सुवर्ण मिळवले. ९१ अडथळ्यांपैकी ९० तिने न पाडता ओलांडले. खेळ वेगळा, पण मुद्दा तोच. उंची जेमतेम सोळा हँड. मोठ्या घोड्यांच्या रांगेत ती पहिल्या नजरेत भरली नसती. म्हणून मला घोड्याच्या पायांइतकीच त्याची शर्यतींची यादी महत्त्वाची वाटते. तीस-चाळीस वेळा धावून जो घोडा लंगडत नाही, त्याच्या नळीच्या बाकाबद्दल मी फार वाद घालणार नाही. परीक्षा त्याने आधीच दिलेली असते.

पुण्याचा हंगाम ऑक्टोबरमध्ये संपतो आणि नोव्हेंबरपासून महालक्ष्मीचा सुरू होतो. म्हणजे ऐन दिवाळीच्या सुमारास घोड्यांचा मुक्काम हलतो आणि काही घोडे मागे उरतात. कुणी रायडिंग क्लबात जातो, कुणी वरातीत. त्यांतल्या एखाद्याला कुणी नीट, सावकाश, दोन्ही बाजूंनी चालवून पाहतो का, हे नशिबावर असते. ब्रिटनमध्ये अशा घोड्यांच्या पुनर्प्रशिक्षणासाठी २००० साली संस्था निघाली. अमेरिकेत २०१०मध्ये सुरू झालेला ‘रिटायर्ड रेसहॉर्स प्रोजेक्ट’ दरवर्षी स्पर्धा भरवतो. शर्यतीबाहेरचे जास्तीत जास्त दहा महिन्यांचे शिक्षण झालेले घोडे तिच्यात उतरतात आणि इव्हेंटिंग हा तिचा एक विभाग असतो. ती भरते केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या हॉर्स पार्कमध्ये. १९७८ साली याच मैदानावर इव्हेंटिंगची जागतिक स्पर्धा झाली होती. हवा उष्ण आणि दमट, घोडे हैराण झालेले. ब्रूस डेव्हिडसन तिथे विश्वविजेता ठरला तो ‘माइट टँगो’ या शर्यतीच्या मैदानावरून आलेल्या घोड्यावर.