पिंप भरलेले असू दे

रेल्वे स्थानकावरच्या सामानघरात आपण ट्रंक ठेवतो आणि पावती घेतो. पावती दाखवली की नेमकी तीच ट्रंक परत मिळते. संगणकातही अशी सामानघरे असतात. प्रत्येक माहितीला एक नाव द्यायचे. ते नाव सांगितले की माहिती हजर! इटलीच्या साल्व्हातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ मध्ये तयार केलेले ‘रेडिस’ हे असेच एक सामानघर. माहिती मुख्यतः रॅममध्ये ठेवल्यामुळे ते फार जलद चालते.

एका संगणकावर रेडिस बसवणे हे काही मिनिटांचे काम. पण शंभर संगणकांवर? मेमरीची मर्यादा किती, परवलीचा शब्द कोणता, कोणाला उत्तर द्यायचे, हे शंभर वेळा हाताने लिहिताना कोठेतरी चूक होणारच. म्हणून आज्ञांची यादी करून ती प्रत्येक यंत्रावर चालवण्याची रीत पडली. तिच्यातही एक अडचण होती. यादी मध्येच थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून चालवली, तर काही कामे दोनदा होत.

१९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे संशोधक मार्क बर्जेस यांनी ‘सीएफइंजिन’ ही प्रणाली लिहिली. तिच्यातून पुढे आलेला विचार असा: काय करायचे ते सांगू नका, शेवटी काय असावे ते सांगा. ‘पिंपात दोन बादल्या पाणी ओत’ ही आज्ञा दोनदा पाळली तर पाणी वाहून जाईल. ‘पिंप भरलेले असू दे’ ही आज्ञा कितीही वेळा द्या, कमी असेल तेवढेच पाणी पडेल. २००५ मधील ‘पपेट’ आणि २०१२ मधील ‘अ‍ॅन्सिबल’ यांनी हाच विचार पुढे नेला.

मात्र ‘काय असावे’ हे माणसालाच ठरवावे लागते. रेडिसची रचना विश्वासातल्या संगणकांसाठी होती. मूळ मांडणी बदलली नाही, तर ते परवलीचा शब्द न विचारता येईल त्याला उत्तर देई. अनेकांनी ते तसेच इंटरनेटवर उघडे ठेवले. अशा रेडिसमार्फत परका माणूस यंत्रात कसा शिरू शकतो, हे २०१५ मध्ये सानफिलिप्पो यांनी स्वतःच दाखवून दिले. २०१६ च्या ३.२ या आवृत्तीपासून, मांडणी ठरवलेली नसेल तर रेडिस बाहेरच्यांना नकार देऊ लागले.

विद्यार्थ्यांना पिंपाच्या दोन्ही आज्ञा अवश्य करून पाहू द्या. आणि हेही सांगा, की बरोबर आज्ञा ज्या इमानाने शंभर यंत्रांवर पोचते, त्याच इमानाने चुकीचीही पोचते.