भेक, बेडूक आणि रस्ता

भेक हा शब्द मराठीत प्राणिशास्त्राच्या पुस्तकांबाहेर फारसा रुळला नाही. चामखिळींसारख्या पाठीचा, डोळ्यांमागे विषग्रंथी वागवणारा, उड्यांपेक्षा खुरडत चालणे पसंत करणारा हा प्राणी आणि शेतातला ओलसर, गुळगुळीत बेडूक या दोघांनाही आपण एकाच नावाने ओळखतो. ज्याला वेगळे नाव नाही त्याची वेगळी चिंताही फारशी कुणी केली नाही, असे हा इतिहास चाळताना आम्हांस वाटले.

वर्षभर मौन धरून पहिल्या पावसासरशी बोलू लागणारे बेडूक ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मंडूकसूक्तात येतात. अतिरात्र यागातील ब्राह्मणांची उपमा त्यांना तेथे दिलेली आहे. मॅक्सम्युलरने त्यात उपहास पाहिला, इतरांनी पर्जन्याची आराधना. पाऊस लांबला की मुसळाला बेडूक बांधून घरोघर फिरवायचा आणि त्यावर पाणी ओतायचे, ही धोंडीची चाल त्याच नात्याची. दोन्हीकडे चिंता आहे ती पावसाची. बेडूक केवळ निरोप्या.

बेडकाच्या जिवाची चर्चा सुरू झाली ती व्यापारामुळे. सत्तरच्या दशकात बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीत भारत आघाडीवर होता. शेतातील कीड खाणारा प्राणी परदेशी धाडायचा आणि वर कीटकनाशके विकत घ्यायची, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे हे उमगून 1987 साली ही निर्यात बंद झाली. गोव्यात मात्र पहिल्या पावसात, विणीसाठी शेतांत जमून ओरडणाऱ्या मोठ्या बेडकांची शिकार पूर्ण थांबली नाही. ती रोखण्यासाठी वनखाते आणि निसर्गप्रेमी मंडळी पावसाळ्याच्या तोंडावर लोकांना आवाहने करीत आली आहेत.

या साऱ्यात भेक कोठे आहे? विषारी म्हणून तो ताटात गेला नाही आणि ताटात न गेल्यामुळे बंदीच्या चर्चेतही आला नाही. योगायोग असा, की त्याच 1987 साली इंग्लंडमध्ये, टेम्सकाठच्या हेन्लीजवळ हॅम्बल्डन येथे, भेकांसाठी रस्त्याखालून बोगदा खुला झाला. तेथे विणीच्या दिवसांत स्वयंसेवक रात्री बादल्या घेऊन रस्त्यावर उभे राहतात आणि तळ्याकडे निघालेले भेक उचलून पलीकडे सोडतात. आपण मारण्यास मनाई केली. त्यांनी वाट करून दिली.

आपल्याकडे अशी वाट हवी ती आंबोलीत. पिवळ्या पट्ट्यांचा आंबोली भेक (झँथोफ्राइन टायग्रिना) 2009 साली शास्त्राला ज्ञात झाला. जांभ्याच्या कातळावरील उथळ, पावसापुरत्या डबक्यांत त्याची वीण होते आणि त्या कातळांना छेदून घाटातली वाहतूक जाते. स्थानिक अभ्यासक पावसाळी रात्री पाहुण्यांना तो दाखवतात, पायाखाली पाहून चालायला सांगतात. त्याच गावातील कुंडाचा परिसर 2021 साली जैवविविधता वारसास्थळ ठरला, पण एका माशासाठी. प्राण्याबरोबर त्याचे पाणीही राखता येते, हे त्यातून दिसले खरे.

आम्ही राहतो त्या वारज्यात आंबोलीसारखे दुर्मीळ काही नाही. आहे तो साधा, सर्वत्र आढळणारा भेक. टेकडीवरील नागरी वनात तळी आहेत, मात्र भेक तेवढ्यावर थांबत नाही. महामार्गालगतचे डबके, बांधकामाचा खड्डा, काहीही त्याला चालते. पाण्यात काळ्या मण्यांच्या दुहेरी माळेसारखी अंडी दिसतात. त्यांतून निघालेली पिल्ले जमिनीवर यायला महिना-सव्वा महिना लागतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीमागच्या अशाच खड्ड्यात डासांच्या भीतीने औषध फवारले गेले. ठराव सभेत झाला तेव्हा आम्ही हजर होतो आणि गप्प होतो. यंदाच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो खड्डा आम्ही स्वतःच घातला आहे. सचिवांनी एवढेच विचारले, ‘‘सर, बेडूक म्हणजे नक्की कोणता?’’