सीएनसीची कुळकथा

परभणी, सेलू, जिंतूरकडची मुलं आयटीआय उरकून वाळूज-चाकणची वाट धरतात, तेव्हा बहुतेकांच्या तोंडी सीएनसी असतं, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणारं मशीन. हे मशीन मोटारींच्या पार्टसाठीच निघालं, असा सर्रास समज आहे. पण त्याचं कूळ हवाई धंद्यातलं.

1940 च्या दशकात अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत. पात्याचा वक्र जागोजागी बदलतो. आराखड्यात त्याचे 17 बिंदू दिलेले असत. मधलं वळण कारागिराच्या नजरेवर. पार्सन्सचे इंजिनीअर फ्रँक स्टुलेन यांनी पंचकार्डाच्या यंत्रावर 200 बिंदू काढले. मग मिलिंग मशीनपाशी एकजण आकडे वाचू लागला आणि दोघं एकेका अक्षाचं हँडल फिरवू लागले. आकडा जुळला की कटर टेकवायचा. उरलेल्या बारीक पायऱ्या कानशीने घासल्या की टेम्प्लेट तयार.

ही हँडलं यंत्रानेच का फिरवू नयेत? पार्सन्सच्या या कल्पनेला 1949 मध्ये अमेरिकी हवाई दलाने पैसा दिला. एमआयटीच्या प्रयोगशाळेने 1952 मध्ये सिनसिनाटी कंपनीचं हायड्रोटेल मिलिंग मशीन भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर तीन अक्षांत चालवून दाखवलं. ते झालं एनसी, म्हणजे न्यूमरिकल कंट्रोल. 1970 च्या दशकात नियंत्रणासाठी छोटा संगणक आला आणि एनसीच्या आधी कॉम्प्युटरचा ‘सी’ लागला. प्रोग्राममधला जी01 हा आदेश आजही सरळ रेषेत कापतो, जी02 आणि जी03 कंसात. पात्यासारखा अवघड वक्र बहुधा छोट्या छोट्या जी01 चाच बनतो.

महाराष्ट्रात हवाई धंद्याचं मोठं ठाणं नाशिकजवळ ओझरला. 1964 मध्ये तिथे मिगसाठी कारखाना निघाला. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने तिथे मिग बांधली, पुढे सुखोई-30. विक्रोळीत गोदरेजने इस्रोसाठी ‘विकास’ रॉकेट इंजिनं घडवली.

आकडे वाचणं आणि हँडल फिरवणं मशीनने घेतलं. जॉब बांधणं, झिरो घेणं, टूल झिजलं की ऑफसेट (दुरुस्तीचा आकडा) देणं अजून बहुतेक ठिकाणी माणसाकडेच आहे. ऑफसेटमध्ये 0.05 च्या जागी 0.5 पडलं, तर टायटॅनियमचा महागडा जॉब भंगारात जातो. दशांश चिन्ह कुठे पडलं, हे मशीन विचारत नाही. म्हणून या धंद्यात येणाऱ्याने पॅनेलची बटणं पाठ करण्याआधी दहावीची निर्देशक भूमिती पक्की करावी. या मशीनची बाराखडी तीच आहे.