उरलेल्याची यादी

दिवाळीतला पाडवा आला, की आमच्या घरी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढीत. १९९१ साली मात्र आमच्याकडे वहीच नव्हती. त्या श्रावणात माझा छापखाना बंद पडला होता. ऑफसेटचे युग दाराशी येऊन उभे राहिले, तरी मी आपला खिळ्यांच्या जुळणीला कवटाळून बसलो. दोष कुणाचा म्हणाल, तर तो माझाच. शेवटी शिशाचे खिळे वजनावर विकले गेले. ज्या अक्षरांनी गावातली लग्ने लावली, बारशी केली, ती अक्षरे तराजूत पडताना पाहिली आणि मी घराबाहेर पडायचे सोडले.

पाडव्याच्या सकाळी आत्या माझ्यापुढे कोरा कागद टाकून म्हणाली, "काय काय गेलं ते तीन महिने ऐकतेय मी. आता काय उरलंय ते लिही बघू!"

मला राग आला. कागद तसाच टाकून मी स्टेशनवर गेलो आणि पुढे उभी असलेली पॅसेंजर धरली. सांगलीकडच्या बाजूला किर्लोस्करवाडीचे स्टेशन लागते. तेथे उतरलो, तो केवळ पुढचे तिकीट काढले नव्हते म्हणून! पण त्या फलाटावर बसल्या बसल्या, लहानपणापासून ऐकलेली एक हकीकत मला प्रथमच नीट समजली. तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. पोराला शाळेच्या पुस्तकापेक्षा चित्रांची आणि यंत्रांची ओढ अधिक. वडिलांची नापसंती होती. पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे पुढे कळले, की आपल्याला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत! चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाला याहून क्रूर निकाल कोणता? मुकाट्याने घरी परतता आले असते. पण रंग गेले तरी रेषा हातात होतीच. ते यांत्रिक चित्रकलेकडे वळले. तेथे रंगाचे काम नाही. माप अचूक हवे आणि हात स्थिर हवा. याच विद्येच्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले.

नोकरी बरी चालली होती. पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा ती यांना डावलून एका अँग्लो-इंडियनाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. तेथे रामूअण्णांचे सायकलींचे दुकान होते. दोघा भावांनी दुकानाच्या जोडीला कारखानदारी सुरू केली. आधी कडबा कापण्याचे यंत्र झाले आणि मग लोखंडी नांगर.

आता नांगराची गंमत ऐका. नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. दोन वर्षे म्हणजे दोन दिवाळ्या. त्या काळात घरच्या बायकांनी काय ऐकले असेल आणि काय गिळले असेल, ते इतिहासात नोंदलेले नाही. पण धंद्यात बसलेल्या घराला ते सांगावे लागत नाही.

नांगर खपू लागतो न लागतो, तोच बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी ती जागा हवी झाली. कारखाना उचला! लोखंड ओतण्याची भट्टी म्हणजे काही फिरत्या नाटक कंपनीचा पडदा नव्हे, की गुंडाळला आणि निघाले. इथे त्यांना हात दिला तो औंधच्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. त्यांनी दहा हजार रुपयांचे कर्ज दिले आणि आपल्या संस्थानात, कुंडल रोड नावाच्या आडस्टेशनाजवळ बत्तीस एकर माळ दिला. योगायोग पाहा, राजेसाहेब स्वतः चित्रकार होते. ज्याच्या हातून रंग सुटले, त्याला आधार मिळाला तो एका रंगवेड्या राजाचा!

माळ तरी कसला? निवडुंग माजलेला आणि सापांनी भरलेला. १९१० साली तेथे वस्ती पडली. मंगेशराव रेगे, शंभूराव जांभेकर यांच्यासारखे सोबती आले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. पुढे चरक आले, पाणी उपसण्याचे पंप आले आणि स्टेशनाचे नावही बदलले.

गोष्ट इथेच संपवली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाही. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ उसळली, तिच्यात किर्लोस्करवाडीही सापडली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. १९५६ साली ते वारले आणि १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

फलाटावर मनात आले, की या माणसाची चिकाटी थोर खरीच. पण चिकाटी माझ्याकडेही होती, चुकीच्या गोष्टीला चिकटण्याची! त्यांनी रंगांचा हट्ट धरला नाही, बेळगावच्या जागेचाही धरला नाही. दरवेळी हातात काय राहिले ते पाहिले. रेषा होती. भाऊ होता. यंत्राचे ज्ञान होते. माणसे होती. आणि हेही विसरून चालणार नाही, की मदतीचा हात पुढे आला तेव्हा तो घेण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. भाऊ आणि राजा नसते, तर नुसत्या जिद्दीने निवडुंग निघाला असता का? सगळ्यांनाच राजा भेटत नाही. भाऊ मात्र बहुधा असतो. आपणच त्याला काही सांगत नाही.

रात्री घरी आलो. कागद तिथेच होता. मी लिहिले, "शुद्धलेखन. वीस वर्षांची नजर. तीन प्रकाशकांची ओळख." जरा थांबून खाली लिहिले, "आत्या."

दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. धाकट्या बहिणीकडे ओवाळणीला गेलो आणि कर्जाचा आकडा तिला प्रथमच खरा सांगितला. त्या महिन्यापासून मी मुद्रितशोधनाचे काम घेऊ लागलो. छापखाना पुन्हा झाला नाही. कर्ज फिटायला सहा वर्षे लागली. त्यानंतरच्या पाडव्याला आत्याने नवी वही आणली आणि स्वस्तिक मला काढू दिले नाही, स्वतःच काढले.