सुरक्षा तपासणी आणि खासगीपणाची सीमारेषा

सामान एक्स-रे यंत्रातून पाठविणे, धातुशोधक चौकटीतून पार होणे आणि त्यानंतर दोन्ही हात पसरून अंगझडती देणे हे सोपस्कार हवाई प्रवाशांच्या आता अंगवळणी पडले आहेत. विमानातील प्रत्येकाचा जीव सहप्रवाशांच्या तपासणीवर अवलंबून असल्याने ती असू नये, असे कोणीही म्हणणार नाही. मात्र ही तपासणी प्रवाशाच्या शरीरापर्यंत आणि त्याच्या व्यक्तिगत माहितीपर्यंत किती पोहोचावी आणि ती मर्यादा कोणी ठरवावी, हा प्रश्न जगभर वादाचा ठरला आहे. सुरक्षा हवी असेल तर खासगीपणावर पाणी सोडावे लागते, असे सर्रास सांगितले जाते. अमेरिकेतील बॉडी स्कॅनर यंत्रांचा इतिहास मात्र काही वेगळेच सांगतो.

प्रत्येक घटनेनंतर नवा थर

विमानतळांवरील तपासणी एका दिवसात आखली गेलेली नाही. विमान अपहरणांच्या लाटेनंतर अमेरिकेत ५ जानेवारी १९७३ पासून सर्व प्रवाशांची आणि त्यांच्याजवळच्या सामानाची तपासणी सक्तीची झाली. भारतात १९७६ मधील इंडियन एअरलाइन्सच्या अपहरणानंतर पांडे समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला. २३ जून १९८५ रोजी 'कनिष्क' विमानातील स्फोटात ३२९ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर १ एप्रिल १९८७ रोजी या कक्षाचे रूपांतर नागरी विमान सुरक्षा ब्युरो या स्वतंत्र खात्यात झाले. डिसेंबर १९९९ मधील कंदाहार अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे (सीआयएसएफ) सोपविण्यास प्रारंभ झाला. ३ फेब्रुवारी २००० रोजी जयपूर हा या दलाकडे आलेला पहिला विमानतळ ठरला.

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर वाहतूक सुरक्षा प्रशासन (टीएसए) ही केंद्रीय यंत्रणा स्थापन झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एका प्रवाशाने बुटात दडविलेल्या स्फोटकांचा स्फोट घडविण्याचा प्रयत्न केला. पुढे ऑगस्ट २००६ पासून बूट काढणे सर्वांना सक्तीचे झाले. ही सक्ती उठण्यासाठी जुलै २०२५ उजाडावा लागला. भीतीच्या वातावरणात लागू झालेला नियम मागे घेण्यास किती काळ जातो, याचे हे बोलके उदाहरण होय.

बॉडी स्कॅनरचा वाद

२५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या विमानात एका तरुणाने अंतर्वस्त्रात शिवलेली स्फोटके पेटविण्याचा प्रयत्न केला. त्यात धातू नसल्यामुळे धातुशोधक यंत्रणा निरुपयोगी ठरली होती. त्यानंतर अमेरिकेतील विमानतळांवर बॉडी स्कॅनर झपाट्याने बसविण्यात आले. त्यांचे दोन प्रकार होते. 'बॅकस्कॅटर' यंत्र अत्यल्प मात्रेतील क्ष-किरण अंगावर टाकून त्वचेवरून परावर्तित होणाऱ्या किरणांपासून प्रतिमा तयार करीत असे. 'मिलिमीटर वेव्ह' यंत्रात रेडिओ लहरींचा वापर होतो आणि क्ष-किरणांचा संबंध येत नाही.

मात्र दोन्ही यंत्रांच्या पडद्यावर सुरुवातीला कपड्यांखालील शरीराची आकृती उमटत असे. यंत्र नाकारणाऱ्याला अंगझडती द्यावी लागे आणि २०१० च्या अखेरीस ती अधिक कडक करण्यात आली. त्याच सुमारास, ४ डिसेंबर २०१० रोजी, भारताच्या अमेरिकेतील तत्कालीन राजदूत मीरा शंकर यांची मिसिसिपी राज्यातील जॅक्सन विमानतळावर अंगझडती घेण्यात आली. साडी हे त्याचे कारण असल्याचे वृत्त तेव्हा आले होते. परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा यांनी हा प्रकार अस्वीकारार्ह असल्याचे सांगितले.

प्रतिमा साठविल्या जात नाहीत, अशी ग्वाही प्रशासन देत होते. परंतु यंत्रखरेदीच्या कागदपत्रांत, चाचणीच्या वेळी प्रतिमा साठविण्याची व पाठविण्याची क्षमता असावी, अशी अट असल्याचे 'इलेक्ट्रॉनिक प्रायव्हसी इन्फर्मेशन सेंटर' (एपिक) या संस्थेने उघड केले. फ्लोरिडातील एका न्यायालयाच्या प्रवेशद्वारावरील अशाच स्वरूपाच्या यंत्रात सुमारे ३५ हजार प्रतिमा साठल्याचेही २०१० मध्ये निदर्शनास आले. ग्वाही आणि नियम यांत किती अंतर असते, हे यातून स्पष्ट झाले.

न्यायालय, कायदेमंडळ आणि तंत्रज्ञान

'एपिक'च्या याचिकेवर वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने १५ जुलै २०११ रोजी निकाल दिला. यंत्रांचा वापर घटनाबाह्य नाही, असे न्यायालयाने मान्य केले. मात्र इतका दूरगामी निर्णय घेण्यापूर्वी जनतेच्या हरकती व सूचना मागविणे बंधनकारक होते, असे ठणकावले. पुढील वर्षी अमेरिकी काँग्रेसने कायदा करून, शरीराची प्रतिमा न दाखविणारी संगणकप्रणाली सर्व स्कॅनरवर सक्तीची केली. या प्रणालीत पडद्यावर सर्वांसाठी एकच बाह्याकृती दिसते आणि संशयास्पद जागी केवळ चौकोन उमटतो. 'मिलिमीटर वेव्ह' यंत्रांत हा बदल शक्य झाला. 'बॅकस्कॅटर' यंत्रांच्या उत्पादकाला तो मुदतीत जमला नाही. परिणामी २०१३ च्या मध्यापर्यंत ती यंत्रे विमानतळांवरून हटविण्यात आली.

युरोपीय संघाने नोव्हेंबर २०११ मध्येच क्ष-किरणांच्या यंत्रांना नकार दिला होता. प्रतिमा साठविण्यास, छापण्यास मनाई करण्यात आली आणि प्रवाशाला स्कॅनरऐवजी अन्य तपासणी मागण्याचा हक्कही देण्यात आला.

खासगीपणा जपल्याने सुरक्षा ढासळली, असे यातून दिसून आले नाही. उलट खासगीपणाची किंमत मोजूनही सुरक्षा मिळेलच याची खात्री नसते. डेट्रॉइटच्या घटनेतील स्फोटके या यंत्रांनी पकडली असती काय, हे स्पष्ट नसल्याचे अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २०१० मध्ये नमूद केले होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार, वेषांतर केलेल्या सरकारी तपासनिसांनी ७० पैकी ६७ वेळा बंदी असलेल्या वस्तू तपासणीतून पार नेल्या होत्या.

भारतातील चित्र

आपल्याकडे नागरी विमान सुरक्षा ब्युरोने एप्रिल २०१९ मध्ये ८४ विमानतळांवर मार्च २०२० पर्यंत बॉडी स्कॅनर बसविण्याचा आदेश दिला. ही मुदत पाळली गेली नाही. हाताने होणाऱ्या झडतीचेही प्रश्न आहेतच. अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये, दर वेळी कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो, अशी व्यथा जाहीरपणे मांडली. सीआयएसएफने दिलगिरी व्यक्त केली आणि अपवादात्मक परिस्थितीतच कृत्रिम अवयव काढण्यास सांगावे असा नियम असल्याचे स्पष्ट केले. नियम होता, पण तो तपासणीच्या जागेपर्यंत पोहोचला नव्हता.

१ डिसेंबर २०२२ पासून दिल्ली, बंगळुरू व वाराणसी येथे 'डिजियात्रा' सुरू झाली. २०२३ मध्ये पुणे आणि मुंबईचाही तीत समावेश झाला. चेहरा हेच येथे ओळखपत्र ठरते. ही सुविधा ऐच्छिक आहे, माहिती प्रवाशाच्या मोबाइलमध्येच राहते आणि विमान सुटल्यानंतर २४ तासांत विमानतळाच्या यंत्रणेतून पुसली जाते, असे सांगण्यात आले आहे. ही व्यवस्था राबविणारे 'डिजियात्रा फाउंडेशन' ही विमानतळ प्राधिकरण आणि विमानतळ कंपन्यांच्या भागभांडवलाची ना-नफा कंपनी आहे. प्रवेशद्वारावरील कर्मचारी पुरेशी कल्पना न देता चेहऱ्याची छायाचित्रे घेतात, अशा तक्रारी प्रवाशांनी केल्या आहेत. बूट पुन्हा घालता येतो, चेहरा मात्र बदलता येत नाही. त्यामुळे येथील चूक अधिक महागात पडू शकते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे जाहीर केले. त्यात हस्तक्षेप करावयाचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, हे निकष या निकालातून पुढे आले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीला महत्त्व दिले आहे. मात्र देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था आदी कारणांसाठी सरकारी यंत्रणांना या कायद्यातून वगळण्याचा अधिकारही त्याने केंद्राला दिला आहे.

यंत्र कोणतेही असो, प्रवाशाने चार गोष्टी विचारणे रास्त आहे. यामागे लेखी नियम कोणता? माहिती किती काळ ठेवली जाणार? नकार दिल्यास सन्मानाने दुसरा मार्ग मिळणार काय? आणि चूक झाल्यास दाद कोणाकडे मागायची? अमेरिकेत या प्रश्नांचा पाठपुरावा झाला, तेव्हा पडद्यावरील शरीर पुसले गेले आणि तपासणी मात्र कायम राहिली.